‘तेव्हा कुणाला माहीत होते?’ : ब्रेकची धूळ आणि एक सोयीस्कर असत्य

१/
मोटारीच्या शोरूमला दोन दारे असतात. पुढचे काचेचे, तिथे नव्या गाडीला हार घालतात, पेढे वाटतात, छायाचित्रे काढतात. मागचे लोखंडी शटरचे. तिथे त्याच गाडीचे चाक उतरवून ब्रेक साफ केले जातात. मोटारीचा इतिहास बहुधा पुढच्या दाराने आत शिरतो : इंजिने, मॉडेले, उद्योगपती, शर्यती. हा थ्रेड मागच्या दाराचा आहे. ब्रेकच्या ड्रममधून उडणारी राखाडी धूळ, ती छातीत भरून घेणारा मिस्त्री, आणि त्याच्या आजारावर कित्येक दशके पांघरले गेलेले एक वाक्य : ‘तेव्हा कुणाला माहीत होते?’

२/
हे वाक्य इतिहासप्रेमींना विशेष भुरळ घालते, कारण ते समंजसपणाचा वेश घेऊन येते. भूतकाळाला आजच्या मापाने मोजू नये, हा इतिहासाभ्यासाचा पहिला धडा. धडा योग्यच आहे. पण त्याला एक अट आहे. त्या काळच्या माणसांना काय ठाऊक होते, हे आधी त्या काळच्या कागदपत्रांतून तपासावे लागते. ती तपासणी न करता उच्चारलेले ‘तेव्हा कुणाला माहीत होते?’ हे इतिहासाचे वाक्य नव्हे, बचावपक्षाचे आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत कागदपत्रे उपलब्ध आहेत, आणि ती फार स्पष्ट बोलतात.

३/
प्रथम हे पाहू की अ‍ॅस्बेस्टॉस ब्रेकमध्ये आलाच कसा. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, चॅपेल-एन-ले-फ्रिथ गावाजवळ, हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ च्या सुमारास घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली. उतारावर गाडी आवरण्यासाठी तिथले शेतकरी चाकाला जुने बूट लावत. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. मोटारी आल्या, वेग वाढला, घर्षणाची उष्णता वाढली आणि कापडी ठोकळे जळू लागले. १९०८ मध्ये फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला घेतला. आपल्या नावाच्या अक्षरांची अदलाबदल करून त्याने ठेवलेले ‘फेरोडो’ हे नाव पुढे जगभरच्या गॅरेजांत पोहोचले.

४/
ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, त्याच्या आत अर्धगोल शू, आणि शूवर चिकटवलेले किंवा रिव्हेट मारलेले लायनर. पेडल दाबले की लायनर ड्रमला घासते आणि गाडी थांबते. गाडी दरवेळी थांबताना लायनर थोडेसे झिजते. ती झीज बाहेर न जाता ड्रममध्येच साठते. ड्रम उघडला की हेल्पर कॉम्प्रेसरची नळी धरतो आणि हवा मारतो. दोन क्षणांत ड्रम लख्ख होतो. धूळ सबंध शेडभर होते. नवे लायनर ड्रमला नीट बसावे म्हणून ते घासले जाई, तेव्हा तर ताजे तंतूच हवेत जात. ही रीत अनेक देशांत अनेक दशके चालली.

५/
आता साक्षी. पहिली साक्ष १८९८ सालची, म्हणजे फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉस हाती घेण्याच्या दहा वर्षे आधीची. ब्रिटनमधील पहिल्या महिला कारखाना-निरीक्षकांपैकी एक, ल्यूसी डीन. त्या वर्षीच्या अधिकृत अहवालात त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीला कामगारांच्या आरोग्याला असलेल्या उघड धोक्यांत गणले. धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली होती. कण काचेसारखे तीक्ष्ण आणि दातेरी दिसले होते. हा कुणा भविष्यवेत्त्याचा अंदाज नव्हता. सरकारी नोकरीतील एका निरीक्षिकेने डोळ्यांनी पाहून केलेली, सरकारने छापलेली नोंद होती.

६/
दुसरी साक्ष लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातली. १८९९ मध्ये डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे ३३ वर्षांचा एक अ‍ॅस्बेस्टॉस-कामगार आला. त्याने चौदा वर्षे या धंद्यात काढली होती. आपल्या खोलीत काम करणाऱ्या दहा जणांपैकी आपण एकटेच उरलो, असे त्याने डॉक्टरांना सांगितले. १९०० मध्ये तोही गेला. शवविच्छेदनात फुप्फुसांत घट्ट तंतुमय व्रण आढळले. १९०६ मध्ये मरे यांनी हा वृत्तांत सरकारी समितीपुढे मांडला. समितीने नोंद घेतली. पण नुकसानभरपाईस पात्र आजारांच्या यादीत त्याला जागा दिली नाही.

७/
तिसरी साक्ष सर्वांत बोलकी आहे, कारण ती दयेची नसून व्यवहाराची आहे. १९१८ मध्ये अमेरिकन सरकारच्या श्रम-सांख्यिकी विभागाने फ्रेडरिक हॉफमन यांचा अहवाल प्रसिद्ध केला. हॉफमन हे प्रुडेन्शियल या आयुर्विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ. अमेरिका आणि कॅनडातील विमा कंपन्या अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांचा विमा सर्वसाधारणपणे नाकारतात, असे त्यांनी लिहिले. ज्या वर्षी पहिले महायुद्ध संपले, त्या वर्षी विमा कंपन्यांचा हिशेब पूर्ण झाला होता. ‘कुणालाच माहीत नव्हते’ म्हणणाऱ्याने या एका वाक्याचे उत्तर आधी द्यावे.

८/
१९२४. लँकेशायरमधील रॉचडेल. टर्नर ब्रदर्स अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीतील कामगार नेली कर्शॉ वयाच्या ३३ व्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांचा अभ्यास डॉ. विल्यम कुक यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये त्यांनीच या आजाराला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. कंपनीने जबाबदारी नाकारली. अंत्यसंस्काराचा खर्चही दिला नाही, कारण तसे केल्याने पायंडा पडला असता. पायंड्याची भीती त्यालाच वाटते, ज्याला पुढे आणखी मृत्यू येणार याची कल्पना असते.

९/
१९३० मध्ये ब्रिटिश सरकारसाठी मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ अ‍ॅस्बेस्टॉस-कामगार तपासले. त्यांतील ९५ जणांना, म्हणजे चारांतील एकाहून अधिकांना, फुप्फुसाचा तंतुमय आजार आढळला. जितकी वर्षे नोकरी, तितके प्रमाण अधिक. उपायही अहवालातच होते : धूळ उगमापाशीच शोषून घ्या, ओले काम करा, कामगारांना धोका समजावून सांगा. १९३१ मध्ये नियम झाले. परंतु ते कारखान्यातील ठरावीक प्रक्रियांपुरते. त्याच कारखान्यातून निघालेले लायनर जिथे उघडले जाई, झाडले जाई, घासले जाई, ते गॅरेज त्या नियमांच्या नजरेबाहेरच राहिले. ब्रिटनमध्ये त्यांची व्याप्ती खऱ्या अर्थाने वाढायला १९६९ उजाडले.

१०/
इथे पहिला आक्षेप येतो : ‘ही सारी माहिती सूतगिरण्यांची होती, ब्रेकवाल्यांना तिचा पत्ता कुठून असणार?’ उत्तर १९३५ च्या ऑक्टोबरमधील एका पत्रात आहे. लिहिणारे समनर सिम्पसन हे रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीचे अध्यक्ष. ही कंपनी प्रामुख्याने ब्रेक-लायनिंगसाठीच ओळखली जाई. पत्र जॉन्स-मॅनव्हिल कंपनीचे वकील व्हँडिव्हर ब्राउन यांना. विषय असा की, अ‍ॅस्बेस्टॉस व्यवसायाच्या नियतकालिकाला अ‍ॅस्बेस्टॉसिसबद्दल काही छापायचे होते. सिम्पसन यांचे मत : अ‍ॅस्बेस्टॉसविषयी जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे.

११/
ब्राउन यांनी दोन दिवसांत सहमती कळवली : या आजाराला कमीत कमी प्रसिद्धी मिळण्यातच आपले हित आहे. नियतकालिकाच्या संपादकांनीही आपल्या पत्रात आठवण दिली होती की, या विषयावर काही छापू नये अशी विनंती कंपन्यांकडून पूर्वीपासूनच होत आली आहे. हा पत्रव्यवहार चार दशके बंद पेटीत राहिला आणि १९७७ मध्ये खटल्यांच्या ओघात बाहेर आला. अज्ञानाला पेटी लागत नाही. जे ठाऊकच नाही ते लपवताही येत नाही. लपवल्याचा पुरावा हाच ठाऊक असल्याचा पुरावा.

१२/
१९३६ मध्ये याच कंपन्यांसह काही उद्योगांनी न्यूयॉर्क राज्यातील सारनॅक प्रयोगशाळेला संशोधनासाठी पैसे दिले. अट अशी की निष्कर्ष पैसे देणाऱ्यांच्या मालकीचे आणि प्रसिद्धी त्यांच्या संमतीने. प्रयोगशाळेचे प्रमुख लेरॉय गार्डनर यांना १९४३ पर्यंत प्रयोगातील उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठी मोठ्या प्रमाणात दिसल्या होत्या. १९४६ मध्ये गार्डनर वारले. १९५१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात कर्करोगाचा भाग नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा : एखाद्या काळाचे ‘उपलब्ध ज्ञान’ म्हणजे जे छापले गेले तेवढेच का? की ज्यांनी छापू दिले नाही, त्यांचे ज्ञानही त्यात मोजायचे?

१३/
अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर फेरोडो कंपनी १९२० च्या दशकातच टर्नर अँड न्यूऑल समूहात सामील झाली होती. नेली कर्शॉची टर्नर ब्रदर्सही याच समूहातली. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्या कारखान्यातील पुरुष कामगारांचा अभ्यास केला. वीस किंवा अधिक वर्षे काम केलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दहापट निघाला. कंपनीच्या संचालकांनी हा लेख छापला जाऊ नये म्हणून प्रयत्न केले. तो तरीही छापला गेला. ब्रेकचे लायनर विकणाऱ्या समूहाच्या घरातच ही माहिती जन्मली होती. ती गॅरेजच्या दारापर्यंत पोहोचवायला टपालाचे एक तिकीट पुरले असते.

१४/
१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या दुर्मीळ कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. बहुतेकांचा संबंध केप प्रांतातील निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसराशी होता. त्यांतील अनेकांनी खाणीत कधी कामच केले नव्हते, ते केवळ जवळपास राहत होते. १९६४ मध्ये अमेरिकेत अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी उष्णतारोधक आवरण बसवणाऱ्या कामगारांतील मृत्यू मांडले. हे महत्त्वाचे, कारण हे कामगार अ‍ॅस्बेस्टॉस बनवत नव्हते. तयार माल फक्त वापरत होते. ‘धोका कारखान्यापुरता’ हा समज त्या दिवशी संपला. गॅरेजातील मिस्त्रीही तयार माल वापरणाराच होता.

१५/
आता त्याच शेडमधील दुसऱ्या विषाची तुलना करून पाहू. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि हॉवर्ड हॅगर्ड यांनी १९२३ मध्ये रस्ते, गॅरेजे आणि दुरुस्तीच्या दुकानांतील मोटारीच्या धुराचा धोका वैद्यकीय नियतकालिकात मांडला. बंद शटरमागे चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काही मिनिटांत मृत्यू. हा धोका कुणी नाकारू शकला नाही. त्याच संशोधनाच्या आधारे न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्यातील हवा खेळती ठेवण्याची योजना झाली. धुराड्याला नळी जोडून धूर बाहेर सोडणे ही गॅरेजातील सर्वमान्य रीत बनली.

१६/
एकाच छपराखाली दोन विषे. एकाची काळजी घेतली गेली, दुसऱ्याबद्दल मौन पाळले गेले. फरक विषाच्या तीव्रतेचा नव्हता, वेळेचा होता. धुराने मेलेला माणूस त्याच संध्याकाळी मालकाच्या शेडमध्ये पडलेला सापडतो. पंचनामा तिथेच होतो. धुळीने मरणारा माणूस वीस, तीस, चाळीस वर्षांनी आपल्या घरी खोकत मरतो. तोवर नोकरी सुटलेली असते, मालक बदललेला असतो, मृत्यूच्या दाखल्यावर ‘श्वसनविकार’ एवढाच शब्द असतो. ज्या मृत्यूचा पंचनामा होत नाही, त्याच्या प्रतिबंधाचा खर्च कुणी करत नाही. हे अज्ञान नव्हे; ही उधारी आहे, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या नावावर मांडली जाते.

१७/
अमेरिकेत १९७० च्या अखेरीस कामाच्या जागेवरील सुरक्षेचा कायदा झाला आणि १९७२ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे मानक आले. मालावर इशाऱ्याची चिठ्ठी लावण्याची सक्ती झाली. पण एक पळवाटही ठेवली गेली. तंतू एखाद्या बंधक द्रव्यात पक्के बसवलेले असतील आणि नेहमीच्या हाताळणीत मर्यादेबाहेर सुटणार नसतील, तर चिठ्ठीची गरज नाही. लायनर म्हणजे डिंकासारख्या रेझिनमध्ये बसवलेले तंतूच. ऑगस्ट १९७५ मध्ये ‘नायॉश’ या सरकारी संशोधन संस्थेने ब्रेक आणि क्लचची दुरुस्ती करणाऱ्यांसाठी स्वतंत्र धोका-पत्रक काढले. ल्यूसी डीन यांच्या नोंदीनंतर ७७ वर्षांनी सरकारची नजर चाकाच्या आत पोहोचली.

१८/
इथे सर्वांत भक्कम आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिक ठरेल. ब्रेकमध्ये बहुतांशी पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल वापरला जाई. ब्रेकच्या उष्णतेने त्याचे बरेचसे तंतू फोर्स्टराइट नावाच्या दुसऱ्या खनिजात बदलतात. झिजलेल्या धुळीत मूळ तंतूंचा अंश फार थोडा उरतो. ब्रिटनमध्ये घर्षण-साहित्य बनवणाऱ्या कामगारांच्या १९८३ च्या अभ्यासात क्रायसोटाइलमुळे मृत्यूंत लक्षणीय वाढ दिसली नाही. मिस्त्रींवरील काही संकलित अभ्यासांतही मेसोथेलिओमाचा वाढीव धोका आढळला नाही. यांतील काहींना खटले लढणाऱ्या वाहन-कंपन्यांचे पैसे होते. परंतु तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत. वाद खरा आहे.

१९/
पण वाद कशाबद्दल आहे, हे नीट पाहावे. धोका किती, याबद्दल आहे. धोक्याची माहिती दडवणे योग्य होते का, याबद्दल नाही. नव्या लायनरच्या घासकामात तंतू बदललेले नसतात. एकाच शेडमध्ये दिवसभर बसणाऱ्या हेल्परची मात्रा आणि रविवारी घरच्या गाडीचे लायनर बदलणाऱ्याची मात्रा सारखी नसते. आणि समजा धोका थोडाच होता, तरी तो पत्करायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क कुणाचा? अध्यक्षांनी पत्रांतून परस्पर ठरवले, वकिलांनी मान डोलावली. ज्याचे फुप्फुस पणाला लागले होते त्याला कुणी विचारलेही नाही. अनिश्चिततेचा फायदा माणसाला द्यावा की मालाला, हाच खरा प्रश्न आहे.

२०/
माहिती देण्यावरचा झगडा एकविसाव्या शतकातही मिटला नाही. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मोटार-मिस्त्रींसाठी एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठाच्या रंगावरून ती ‘सोनेरी पुस्तक’ म्हणून ओळखली गेली. हवा मारू नका, कोरडे झाडू नका, कामाचे कपडे घरी नेऊ नका, असा साधा उपदेश त्यात होता. २००३ मध्ये एका मोठ्या वकिली संस्थेने ही पुस्तिकाच मागे घ्यावी असा अर्ज केला. २००७ मध्ये सुधारित पत्रक आले. मूळ उपदेश कायम राहिला. दुरुस्तीचा उपदेश कुणाला इतका बोचतो, हे या अर्जावरून कळते : ज्यांना तो न्यायालयात पुरावा म्हणून दिसतो त्यांना.

२१/
बंदीची कथाही तशीच रेंगाळलेली. १९८९ मध्ये अमेरिकेने अ‍ॅस्बेस्टॉसचा बहुतेक वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा मोठा भाग रद्द केला. पर्यायी ब्रेक तितकेच सुरक्षित आहेत का, याचा पुरेसा विचार झाला नाही, हाही न्यायालयाचा एक मुद्दा होता. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली. दरम्यान पर्यायी लायनर सर्वत्र धावू लागले आणि गाड्या थांबतच राहिल्या. अमेरिकेत क्रायसोटाइलवर, सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक-लायनिंगसह, बंदीचा नियम अखेर २०२४ मध्ये झाला.

२२/
पुढचा आक्षेप खर्चाचा : ‘सुरक्षा ही श्रीमंतांची चैन, लहान गॅरेजाला ती कशी परवडणार?’ १९९४ चा अमेरिकन नियम वाचणाऱ्याला हा आक्षेप टिकवता येत नाही. मोठ्या वर्कशॉपने बंद आवरणातील शोषकयंत्र किंवा कमी दाबाने ओले धुण्याची पद्धत वापरावी, असे त्यात सांगितले होते. मात्र आठवड्याला पाचांपेक्षा अधिक ब्रेक-कामे नसलेल्या लहान दुकानाला साधी सूट होती : फवाऱ्याच्या बाटलीने ड्रम ओला करा, फडक्याने पुसा, फडके बंद पिशवीत टाका. एक बाटली, एक फडके, एक पिशवी. ज्या उपायाला सात दशके ‘परवडत नाही’ म्हटले गेले, त्याची किंमत चहाच्या दोन कपांहून फार मोठी नव्हती.

२३/
शेवटचा आणि सर्वांत क्रूर आक्षेप : ‘कामगारच बेफिकीर असतात, मास्क दिला तरी लावत नाहीत.’ उन्हाळ्यात पत्र्याखाली, खड्ड्यात उतरून, तोंडाला फडके बांधून आठ तास काम करून पाहिलेला माणूस असे बोलत नाही. शिवाय मेरेवेदर आणि प्राइस यांनी १९३० मध्येच क्रम सांगितला होता : आधी धूळ उगमापाशी रोखा. मास्क हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. धूळ उडवण्याचे यंत्र मालकाने द्यायचे आणि ती न घेण्याची जबाबदारी हेल्परने उचलायची, ही वाटणी सुरक्षेची नाही. तो दोषाचा पूर्वनियोजित बंदोबस्त आहे.

२४/
ही कथा परदेशी वाटत असेल, तर लोकलने घाटकोपरला यावे. टर्नर अँड न्यूऑल समूहाची भारतीय शाखा, हिंदुस्थान फेरोडो, इथेच ब्रेक-लायनिंग बनवत असे. डर्बीशायरच्या उतारावर सुरू झालेला धंदा मुंबईच्या उपनगरात पोहोचला होता. मात्र १९३० चा अहवाल ज्या त्वरेने समुद्र ओलांडायला हवा होता, त्या त्वरेने तो आला नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस-संमिश्र गिरणीतील १८१ कामगार तपासले गेले; पाचांपैकी एकाहून अधिकांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. नेली कर्शॉच्या मृत्यूला तेव्हा ८१ वर्षे झाली होती. आता तरी ‘कुणाला माहीत होते?’ हा प्रश्न कोण विचारणार?

२५/
भारतीय कायदा मुका नाही. दुरुस्ती, तेल घालणे, धुणे, साफ करणे यांना १९४८ चा कारखाना कायदा ‘उत्पादन-प्रक्रिया’ मानत असे. म्हणजे पुरेसे कामगार असलेले शोरूमचे वर्कशॉप त्या कायद्याच्या दृष्टीने कारखानाच होते. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा त्यात सरकारला कळवावयाच्या आजारांपैकी एक होता. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, आपल्या आरोग्याला असलेल्या धोक्यांची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस-उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतील जे नंतरचे असेल तोवर जपण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षे! आजाराला लागणारा विलंब न्यायालयाने नेमका ओळखला.

२६/
पण कायद्याला उंबरठा असतो. विजेवर चालणाऱ्या जागेसाठी जुन्या कायद्यात तो दहा कामगारांचा होता. २०२० च्या संहितेने तो वीसवर नेला. हमरस्त्याच्या कडेचे चार माणसांचे गॅरेज दोन्हींच्या बाहेर. क्रायसोटाइलच्या आयातीवर भारतात सरसकट बंदी नाही. नव्या गाड्यांचे ब्रेक बदलले म्हणून जुन्या गाड्या आणि स्वस्त सुटे भाग नाहीसे होत नाहीत. आणि डब्यावर काही लिहिलेले नसेल, तर आत काय आहे हे हेल्परला पाहून कळत नाही. म्हणून नियम एकच ठेवावा : प्रत्येक ड्रममध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे समजूनच तो उघडावा. हवा मारू नये, ओले करून पुसावे, कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकाचे काम इथे संपत नाही. इथून सुरू होते. ‘तेव्हा कुणाला माहीत होते?’ हे वाक्य पुन्हा कुणी उच्चारले, तर त्यातील ‘कुणाला’ हा शब्द वेगळा काढून तपासावा. निरीक्षिकेला १८९८ मध्ये माहीत होते. डॉक्टरांना १९०६ मध्ये, विमा कंपनीला १९१८ मध्ये, सरकारला १९३० मध्ये, ब्रेक-लायनिंगच्या कंपनीच्या अध्यक्षांना १९३५ मध्ये. ज्याला माहीत नव्हते असा एकच होता : शटरमागे उकिडवा बसून ड्रममध्ये हवा मारणारा. त्याचे न-माहीत असणे हा त्या काळाचा स्वभाव नव्हता. ते ठरवून, पत्रे लिहून, पैसे मोजून टिकवलेले होते. आणि जे ठरवून केले, त्याची जबाबदारी काळावर टाकता येत नाही.

(थ्रेड समाप्त)